तो अहवाल बर्फाचा होता

चिकलठाणा, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी २०१६

दादा,

खुशाली विचारायच्या ओळी गाळते. तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा खुशालीही मला कळवायची नसणार. हे पत्र कडूबामामा आणून देतील. चाऱ्याचा टेम्पो घेऊन ते करमाडवरून येतात-जातात, आणि आपल्या दोघांशीही अजून बोलणारं घरातलं तेवढंच माणूस उरलं आहे.

मोनिकावहिनी माझ्याकडे आहे. माहेरी जाते असं तिने आईला सांगितलं, ते खरं नाही. तुला खरं कळवावं असं तिचंच म्हणणं आहे. आमच्या वंध्यत्व सेंटरमध्ये तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्या मोकळ्या आहेत, बीज वेळेवर तयार होतं, रक्त ठीक आहे. सात वर्षं आई तिला जे बोलते आहे, त्याला काहीही आधार नाही.

दिवाळीत पाव्हण्यांसमोर मी जे बोलले त्याबद्दल हे पत्र नाही. "आधी दादाची तपासणी होऊ द्या, मग दुसरी मुलगी बघा," हे मी पुन्हाही म्हणेन. आवाज कदाचित कमी ठेवेन. पाव्हणे उठून गेले, आईने ताट ढकललं, आणि तू म्हणालास, "आजपासून मला बहीण नाय." ते मी नीट ऐकलं आहे. तरी लिहिते आहे, कारण आई अक्षय तृतीयेनंतर पुन्हा पाव्हणे बोलावणार आहे, आणि काल वहिनी मला म्हणाली, "सवत आली तर मी त्या घरात ऱ्हाणार नाय. आन् त्यांना सोडून मला दुसरीकडं ऱ्हाता येत नाय. तू शिकलेली हाईस, तूच सांग काय करू." मला एवढंच सांगता आलं की दादाचा नमुना तपासू.

म्हणून इथून पुढे बहीण म्हणून नाही, सेंटरमध्ये येणाऱ्या कुणालाही सांगते तसं सांगते.

सोबत झाकणाची निर्जंतुक बाटली आहे. ती आतून पुसू नकोस, धुऊ नकोस. आधी तीन दिवस अंतर ठेवायचं. सेंटरच्या खोलीत नमुना देणं तुला जड जाईल, हे मला कळतं. घरून आणलास तरी चालेल, फक्त तासाभरात उस्मानपुऱ्यात सेंटरवर पोचला पाहिजे. वाटेत खराब होणार नाही असा आण. मेंढरांच्या लसी तू इतकी वर्षं जनावरांच्या दवाखान्यातून नीट आणतोस, काळजी कशी घ्यायची हे तुला शिकवायची गरज नाही.

बाटली खिडकीवर द्यायची. तपासणी कृष्णा करेल. तो माझा सहकारी आहे, जालन्याचा, आणि कमी बोलतो. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत नसेन. बहिणीने असलं काही बघू नये असं तुला वाटत असेल, आणि ते वाटणं मी चुकीचं म्हणत नाही.

अक्षदा

ता. क. बाबा असताना चिकलठाण्यात ज्या शेतात आपण खतासाठी मेंढरं बसवायचो, तिथेच आता मी राहते ती इमारत आहे. बांधावरचं कडुलिंबाचं झाड तेवढं ओळखू येतं. टँकर एक दिवसाआड येतो आणि बायका त्याच झाडाखाली घागरी लावतात.

•

चिकलठाणा
५ मार्च २०१६

दादा,

अहवाल सोबत आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुला वाचता येतं.

शुक्राणूंची संख्या कमी आहे. हालचाल करणारा एकही नाही. कृष्णाने दोनदा बघितलं. मी बघितलं नाही.

अशा वेळी अनोळखी दात्याचा नमुना वापरण्याचा पर्याय असतो. आमच्या डॉक्टर मॅडम तुम्हा दोघांना तो समजावून सांगतील. घाई नाही, आणि बळजबरी तर नाहीच.

मला काय वाटलं, ते लिहिण्याची ही जागा नव्हे.

अक्षदा

•

चिकलठाणा
२ एप्रिल २०१६

दादा,

हे पत्र आधी पूर्ण वाच. मग काय करायचं ते कर.

तुझा निरोप मामांनी दिला. ते दारातच उभे राहिले, पाणी सुद्धा घेतलं नाही.

"कागद वाचला त्यानं," म्हणाले. "घडी घातली, मुंडाशात खोवली."

"काय म्हणाला?"

"म्हनला, मोनिकाला मोकळी करा. तिच्या भावाला सांगा, दुसरं घर बघा म्हनावं. ती तिशीची बी नाय अजून."

"आणि?"

"आन् काय. मेंढरं सोडली पैठनच्या वाटंनं. धरनाचं पानी लई आत गेलंय, मोकळ्या झालेल्या भुईवर गवत हाय म्हनं. तिथं फोनबी लागत नाय."

वहिनी चुलीशी नव्हती, गॅसशी होती, पण भाकरी तशीच थापत होती. मागे न बघता म्हणाली, "हे बरंय. आधी दुसरी आणणार व्हते, आता मला दुसरीकडं देणार. मधी मला कुणी इचारलंच नाय."

मामा गेल्यावर ती जेवली नाही. तुझ्यावर रागावली होती, मी तुझ्याबद्दल एक शब्द बोलले तर उलट माझ्यावरच उखडली. "तुम्ही लोकं कागद देऊन मोकळे. किती जिवानं आणलं त्यांनी ते तुला म्हाईत हाय का? मामा संगं व्हते, त्यांनी सांगितलं मला. लशीचा थर्मास राखेनं घासला. करमाडला लादी फोडून बर्फ घेतला. बाटली बर्फात बसवली. रस्त्यात दोनदा झाकण उघडून पाह्यलं, बर्फ इरघळला तर नाय."

मी घास ताटात ठेवला.

दादा, लस थंड लागते. नमुना थंड चालत नाही. शुक्राणूंना अंगाची ऊब लागते. बर्फात ठेवले की त्यांची हालचाल थांबते, आणि नंतर उबेला आणले तरी बहुतेक ती परत येत नाही. शहरातल्या लोकांना आम्ही सांगतो, बाटली सदऱ्याच्या आत अंगाशी धरून आणा. तुला मी ते सांगितलं नाही. तुला मी लसीची आठवण दिली. लसीसारखी काळजी घे म्हटल्यावर मेंढरं सांभाळणारा माणूस दुसरं काय करेल? मीही त्याच घरातली, मला हे सुचायला हवं होतं. थर्मास डोक्यावर घेऊन दवाखान्यातून बाबांच्या मागे मीच चालायचे.

खिडकीवरही कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी सांगते, तू बाटली थर्मासमधून काढलीस, पंच्याने कोरडी पुसलीस आणि मग दिलीस. इतकी नीट दिलीस की कृष्णाला शंका यायचं कारण नव्हतं.

तो अहवाल तुझा नाही, बर्फाचा आहे. तुझा अहवाल अजून झालेलाच नाही.

तो चांगला येईल असं मी म्हणत नाही. संख्या कमी होती, आणि संख्या बर्फाने कमी होत नाही. पण कमी असणं आणि काहीच नसणं यांत फरक आहे, आणि आमचं सगळं काम त्या फरकावरच चालतं. असतील तेवढे चांगले आम्ही धुऊन वेगळे काढतो.

आणखी एकदा ये. या वेळी सेंटरमध्येच दे. खोलीला आतून कडी आहे, बाहेर कुणी थांबत नाही.

वहिनी तिच्या भावाला काही सांगणार नाही असं म्हणते. ते मी जसंच्या तसं कळवते.

अक्षदा

•

उस्मानपुरा, सेंटरमधून
१८ एप्रिल २०१६

दादा,

मामा आज थेट सेंटरवर आले. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाले, "भाचीला बलाव, धरनातून निरोप हाय." सगळे बघायला लागले.

निरोप असा होता: "ते धुतेत म्हन्ती. म्हंजी काय, कातरायच्या आधी मेंढरं नदीत घालतो तसं का?"

तू येतो म्हणाला नाहीस. पण प्रश्न विचारलास. प्रश्नाचं उत्तर देते.

धुणं म्हणजे चांगले, पळते शुक्राणू बाकीच्या कचऱ्यापासून वेगळे काढणं. मग तेवढेच एका बारीक नळीने बाईच्या गर्भाशयात सोडायचे. वेगळं काढायच्या दोन रीती आमच्याकडे आहेत.

पहिलीला आम्ही स्विम-अप म्हणतो. नळीच्या तळाशी नमुना, वर स्वच्छ पोषक द्रव. नळी तिरकी करून उबेत ठेवायची आणि थांबायचं. ज्यांच्यात दम आहे ते पोहत वरच्या द्रवात येतात. वरचंच तेवढं घ्यायचं. म्हणजे तुझ्या भाषेत, संध्याकाळी हौदाचं फाटक उघडायचं, आणि जी मेंढरं आपल्या पायांनी पाण्यावर येतील ती आपली.

दुसरी ग्रेडियंट. तळाशी घट्ट द्रव, त्यावर जरा पातळ, सगळ्यात वर नमुना. मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. धडधाकट असतात ते थर ओलांडून तळाला पोचतात, मेलेले, वेडेवाकडे आणि कचरा मध्येच अडकतो. हे कुंपणाला एकच फट ठेवून सगळा कळप हाकण्यासारखं आहे.

कुठली चांगली, हे बघायला मॅडमनी मला वर्षभर लावलं होतं. ज्यांनी परवानगी दिली त्यांचा नमुना दोन भागांत वाटायचा, अर्धा या रीतीने धुवायचा, अर्धा त्या रीतीने, आणि शेवटी मोजायचं. त्यांना सेंटरसाठी एकच रीत ठरवायची होती. माझ्या हाताखालून गेलेल्या नमुन्यांत असं दिसलं: हालचाल भरपूर असेल तर स्विम-अपने वर येतात ते जास्त चपळ आणि स्वच्छ असतात. पण नमुना दुबळा असेल तर स्विम-अपच्या नळीत वर जवळजवळ नुसता द्रवच उरतो. तिथे ग्रेडियंटने हाताला काहीतरी लागतं. मी लिहून दिलं, एकच रीत ठरवू नका, नमुना बघून ठरवा. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर राबून तू काहीच ठरवलं नाहीस." मला तर ते ठरवल्यासारखंच वाटतं.

तुझ्यासाठी कुठली, ते नमुना बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता एक अडचण. न सांगता ठेवली तर तू येशील, म्हणूनच सांगते.

वहिनीचं बीज मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार होईल. नेमकं त्याच आठवड्यात कृष्णाच्या बहिणीचं लग्न आहे. तो जालन्याला असेल. प्रयोगशाळेत मी एकटी असेन. बाटली माझ्या हातात येईल, भिंगाखाली मी बघेन, मोजेन मी. पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं तर मध्ये अक्षय तृतीया येते, आणि आईने पाव्हण्यांना निरोप धाडला आहे.

तुला ते नको असेल तर येऊ नकोस. मी रागावणार नाही. वहिनीचं मी सांगू शकत नाही.

एवढं लक्षात ठेव, की माझ्यासमोर रोज जे येतं त्याला चेहरा नसतो. चौकटी आखलेली काच असते आणि त्यात मोजायचं असतं. काळोख पडायच्या आत जाळीच्या कुंपणाशी बसून मी मेंढरं मोजायचे, तेव्हा कुठलं कुणाचं हे मी बघत नव्हते. आत किती आली तेवढं बघायचे. तू काठी आडवी धरायचास, एकेक सोडायचास आणि ओरडायचास, "मोज, अक्षे." चुकले तर तू सगळी परत बाहेर काढायचास. म्हणून मी चुकायची थांबले.

अक्षदा

मामा म्हणाले, "मी पत्र वाचत नाय. पर पोरी, पाकीट चिकटवीत जा. असलं भावा-बहिनीचं मी आपला चाऱ्याच्या पेंढीत दाबून नेतो." या वेळी चिकटवलं आहे.

•

चिकलठाणा
७ मे २०१६

दादा,

परवा तुझ्याशी बोलायला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी मी काय बोलले असते, माहीत नाही. म्हणून लिहिते.

तू मुंडासं नवं बांधून आला होतास. एसीखाली अंग चोरून बसला होतास. रिसेप्शनवरच्या मुलीने "पेशंटचं नाव?" विचारलं, तर म्हणालास, "पेशंट कोन नाय, आदिनाथ हाय मी." ती हसली, आणि तूही थोडा हसलास. हे मी आतल्या काचेतून बघत होते.

मग खिडकी वाजली. माझ्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, नुसते डोळे उघडे. नियमाप्रमाणे मला तुझं नाव विचारायचं होतं. बाटलीवरचं नाव आणि माणसाने सांगितलेलं नाव जुळवावं लागतं, सख्खा भाऊ असला तरी. मी विचारलं. तू पूर्ण नाव सांगितलंस, वडिलांच्या नावासकट. बाटली मात्र दिसेना. मग तू बंडीत हात घातलास. खोलीपासून खिडकीपर्यंत चार पावलंही नाहीत, दादा. एवढ्यासाठी तू ती छातीशी धरून आणली होतीस.

बाटली दिलीस आणि एकच शब्द बोललास. "मोज."

मी खिडकी लावून घेतली. तू बाहेर कसा उभा राहिलास ते मला माहीत नाही. मला हात स्वच्छ करून कामाला लागायचं होतं, आणि त्याआधी थोडा वेळ लागला.

चालणारे होते. कमी होते, पण होते. खात्री व्हावी म्हणून पुन्हा काच भरून पुन्हा मोजले. आकडा तोच आला.

रीत मी ग्रेडियंट निवडली. खरं तर माझी आवडती स्विम-अप. तिच्यात कुणाला ढकलावं लागत नाही, फिरवावं लागत नाही. आपण नुसतं उबेत ठेवायचं आणि वाट बघायची. तुझ्या बाबतीतही दिवाळीनंतर मी तेच करत होते. वहिनी दारात उभी राहिली नसती तर अजून वाट बघत बसले असते, आणि त्याला शहाणपणा म्हटलं असतं. तुझा नमुना मी वाट बघण्यावर सोडला नाही. यंत्रातून काढला तेव्हा तळाशी पांढुरकं, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं काहीतरी होतं. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "चालेल." त्या सहसा "बघू" म्हणतात.

आत झाल्यावर वहिनी पलंगावर पडून होती आणि तू स्टुलावर बसला होतास. दार उघडं होतं, तुमचं बोलणं ऐकायचं असं मी ठरवलं नव्हतं.

"दुखलं का?"

"हे नाय दुखलं. तुमचा निरोप दुखला."

तू स्टूल पलंगाजवळ ओढलंस. मग म्हणालास, "भावाला सांगितलंस व्हय? घर बघायचं?"

"घर म्या बघितलं. पैठनला हाय, धरनात. छप्पर नाय म्हन्त्यात."

"तिथं लई ऊन हाय."

"इथं काय सावली हाय व्हय? अक्षदाच्या खोलीत पंखा बी गरम वारा फेकतो."

अर्ध्या तासाने दोघं गेलात. तिची पिशवी तू घेतलीस. माझ्या खोलीत तिची एक साडी राहिली आहे, ती मामांकडे देते.

मामांकडून दुसरंही कळलं. घरी जाऊन तू आईला म्हणालास, "पाव्हन्यांला येऊ नका म्हनावं. कमी माझ्यात हाय, तिच्यात नाय." अंगणात भावकीतली चार माणसं बसली होती, तरी म्हणालास. आई काय म्हणाली ते मामांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

दिवाळीत जवळपास हेच मी म्हटलं तेव्हा ते आरोपासारखं वाटलं. तुझ्या तोंडून ते वेगळं ऐकू आलं असणार.

तपासणी अजून अठरा दिवसांनी. तोवर वहिनीला डोक्यावर पाणी वाहू देऊ नको.

अक्षदा

•

चिकलठाणा
२६ मे २०१६

दादा,

या वेळी जमलं नाही.

हे वाक्य पत्राच्या शेवटी घालायचं ठरवलं होतं, पण तू शेवटपर्यंत वाचताना आधी तेच शोधशील. म्हणून वर घातलं. पहिल्या खेपेला जमत नाही असं बहुतेकांचं होतं. धीर द्यायला म्हणत नाही, असतं तसं सांगते. मॅडमच्या मते आणखी दोन-तीन वेळा हेच करून बघावं. त्यानंतर दुसरे मार्ग आहेत, तेही मी समजावून सांगेन. थांबायचं असेल तर थांबा. वहिनीला विचारून ठरव, या वेळी आधी तिला विचार.

इथवर लिहून पाकीट चिकटवणार होते, तेवढ्यात मामा आले. वहिनीला कळायचं ते तिकडे आधीच, पाळी आली तेव्हाच, कळलं होतं, मी सांगायची वाट तिने बघितली नाही. मामा या वेळी आत आले, बसले, पाणी प्यायले. दुसरा तांब्या मागितला आणि म्हणाले, "बिगर विचारता सांगतो. रडली ती. मग त्यानं चूल पेटवली आन् च्या केला. पहिल्यांदाच केला असंल, सगळी पावडर खाली बसली व्हती. तरी प्याली ती."

"निरोप काही?"

"हाय की." त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि तुझ्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. "पुढल्या महिन्यात येतो म्हनावं. बर्फ आनत नाय. आन् खिडकीवर तीच पायजे. दुसरं कुनी असंल तर बाटली घेऊन परत जाईन."

कृष्णा लग्नाहून परत आला आहे. त्याला सांगितलं, पुढच्या महिन्यातल्या त्या दिवशी खिडकीवर मी बसणार.

तुझी
अक्षी